डोंबिवलीच्या गाईचं हरवलेलं पोट

जनावरांचं डॉक्टर व्हायचं आहे, निदान अशा डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं आहे, आणि घरात विचारायला कोणी नाही, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात. मी मोहन्याहून निघून डोंबिवली, ठाणे आणि कल्याणच्या पलीकडचं एक गाव एवढंच फिरून आले. बर्फ कुठे लागला नाही. एका ठिकाणी केक लागला, त्याबद्दल पुढे येईलच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. त्यामुळे कॉलेजबद्दलचे सगळे प्रश्न घरचे मला विचारतात आणि माझे प्रश्न माझ्याकडेच राहतात. बारावीनंतर मी नीट ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली होती. तिचे गुण मी अजून कोणाला सांगितलेले नाहीत, इथेही सांगणार नाही. मग कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि गप्प बसले.

बाबांची मोहन्यात पिठाची गिरणी आहे. एका गिऱ्हाइकाने दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून एक छापील पत्रक आणलं. त्यावर गाय, कुत्रा आणि स्टेथोस्कोप होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय तंत्रज्ञ व्हा, एका वर्षात.’ बाबांनी ते पीठ झटकून वाचलं. संध्याकाळपर्यंत ज्वारीवाल्यांपासून बेसनवाल्यांपर्यंत सगळ्यांना कळलं की आमची उर्मी जनावरांची डॉक्टर होणार.

अडचण एवढीच होती की पत्रकवाल्यांना शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा होता आणि तो कॉलेजात जमा होता. मी क्लार्कसमोर इतका वेळ उभी राहिले की त्यांनी तो काढून दिला. म्हणाले, “सोमवारी दुपारपर्यंत आणून दिलास तर तुझी जागा आहे. नाहीतर मी नाव कापणार. नंतर माझ्या टेबलाशी येऊन रडायचं नाही.” पत्रकवाल्यांची शेवटची तारीखही सोमवारच. म्हणजे सोमवारी हा दाखला डोंबिवलीत राहणार की कल्याणला परत जाणार, एवढंच ठरवायचं होतं. तो दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर सॅकमध्ये आणि सॅक पोटाशी धरून मी निघाले.

सोबत बाळामामा. हा आईचा भाऊ, निवृत्त शिपाई, त्यामुळे कुठल्याही ऑफिसात कोणाशी बोलायचं हे त्याला कळतं असा आमच्या घरात समज आहे. मामा ठाण्याजवळच्या दिवा गावात राहतो. दिव्यात पाण्याचे हाल असल्यामुळे तो पाच लिटरचा कॅन घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. जिथे नळ दिसेल तिथे भरतो. लग्नाला गेला तरी नवरानवरीच्या आधी नळ कुठे आहे ते बघतो. स्कूटरवर तो पुढे, मी मागे, आणि कॅन त्याच्या पायांमध्ये.

शुक्रवार, डोंबिवली

संस्था फरसाणाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात शेवेचा वास इतका दाट होता की वर पोचेपर्यंत भूक लागते. आत दोन खोल्या, एक एसी, आणि काचेच्या टेबलामागे एक मॅडम. मी दारात चप्पल काढावी की नको या विचारात असताना त्या म्हणाल्या, “या डॉक्टर, बसा.”

मला आजवर असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मी खरोखर मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. मग बसले. खरं सांगायचं तर दाखला तेव्हाच काढून देणार होते.

कोपऱ्यात टेबलाएवढी प्लास्टिकची गाय होती. तिची डावी बाजू कपाटासारखी उघडते आणि आतले अवयव काढता येतात. मॅडमनी उत्साहाने उघडून दाखवलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, हे मला बारावीपासून ठाऊक होतं. इथे तीन होते. सगळ्यात मोठा, ज्यात खाल्लेला चारा आधी जाऊन पडतो, त्याच्या जागी पोकळी, आणि पोकळीत कोणाच्या तरी छत्रीची खोळ.

“चौथं पोट?” मी विचारलं.

“मागच्या बॅचने नेलं,” मॅडम म्हणाल्या. “थिअरीत आपण चारही घेतो.”

मामाने मग त्याचा अनुभव वापरला. “मान्यता कोणाची आहे, मॅडम?”

“सरकारमान्य आहे, काका.” त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सोनेरी फ्रेममध्ये शिक्का असलेला कागद होता, त्याला हार, खाली उदबत्ती. मामा उठून चष्मा कपाळावर चढवून बघायला गेला आणि तिथूनच म्हणाला, “उर्मे, हे गुमास्ता लायसन्स आहे.”

दुकान टाकलं की पालिकेकडून जे घ्यावं लागतं, तेच. आमच्या गिरणीत अगदी असंच आहे, हारही तसाच, फक्त फ्रेमवर पीठ.

“भावोजींची गिरणी पण मग कॉलेज झाली की,” मामा म्हणाला. “दळायला आलेल्यांना पदव्या देऊ.”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “काका, आमची मुलं ठाण्यात मोठमोठ्या क्लिनिकला लागलीत. वाटलं तर जाऊन विचारा.” त्यांनी क्लिनिकचा पत्ताही दिला. मग माझ्याकडे वळून, “ओरिजिनल आणलेत ना, डॉक्टर?”

माझा हात सॅकच्या चेनीवर गेला. गुमास्ता बघूनही गेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडलं. मामाने गप्पांच्या आधी पाण्याच्या कूलरखाली कॅन लावून ठेवला होता आणि तो विसरला होता. पाणी गाईच्या खुरांपर्यंत आलं होतं. त्या गडबडीत आम्ही निघालो. दाखला सॅकमध्येच राहिला, तो माझ्या हुशारीने राहिला असं मी म्हणणार नाही.

खाली मामाने शेव घेतली. “फरसाणवाल्याकडे पण गुमास्ता आहे,” तो म्हणाला. “पण शेव चांगली आहे त्याची.”

शनिवार, ठाणे

मॅडमनी सांगितलेलं क्लिनिक घोडबंदर रोडला, उंच इमारतींच्या खाली. ठाण्याची कुत्री आणि मोहन्याची कुत्री यांत काय फरक आहे ते इथे कळतं. आमच्याकडच्या कुत्र्यांना नावं असतात ती साधारण रंगावरून. इथल्या कुत्र्यांना आडनावं आहेत. शेजारच्या लॅब्रेडॉरला आत बोलावताना “कॉफी कुलकर्णी” असा पुकारा झाला आणि तो उठून चालत गेला. भिंतीवर आजच्या वाढदिवसांची नावं होती. एका मांजरीला डाएट दिलं होतं आणि तिची मालकीण तिच्यादेखत वडा खात नव्हती, बाहेर जाऊन खात होती.

काउंटरवर विचारलं, “पेशंटचं नाव?” मामाने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वयासकट. ते कॉम्प्युटरमध्ये गेलं. नंतर बाळकृष्ण, वय एकसष्ट, असा पुकारा झाला तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी आमच्या पायांशी बघितलं.

मी मुद्द्यावर यायला बराच वेळ लावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. पशुवैद्य व्हायचं तर एकच पदवी आहे, पाच वर्षांहून जास्त लागतात, प्रवेश नीटवरून. देशाची पशुवैद्यकांची परिषद आहे, तिच्या यादीत कॉलेजचं नाव असलंच पाहिजे. यादी परिषदेच्या वेबसाइटवर आहे, फुकट बघता येते. आपल्या राज्यातली सरकारी कॉलेजं जनावरांच्या एकाच विद्यापीठाखाली येतात, जवळचं मुंबईतच आहे. पदवीनंतर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी होते, नंबर मिळतो, तेव्हा माणूस डॉक्टर. त्याखालची पदविकाही त्या विद्यापीठाची असते, तिचे नियम बदलत असतात, तेही त्यांच्याच साइटवर बघायचं. “परदेशातल्यासारखं व्हेट टेक्निशियनचं वेगळं रजिस्ट्रेशन इथे मला तरी माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही मुलं घेतो आणि शिकवतो.”

“डोंबिवलीच्या संस्थेतली मुलं तुमच्याकडे आहेत?”

“एक आहे. सुशांत. नखं फार छान कापतो.”

मला हे उत्तर बाहेर आल्यावर टोचलं. आत असताना मी मान डोलावली होती आणि थँक्यू म्हटलं होतं.

सुशांत मागच्या बाजूला एका पॉमेरेनियनला ड्रायर मारत होता. बारीक, कानात बाळी, टी-शर्टवर केसच केस. मी संस्थेचं नाव घेतल्यावर त्याने ड्रायर बंद केला.

“गाय आहे अजून?”

“आहे. एक पोट नाही.”

“ते माझ्याकडेय,” तो म्हणाला. “अभ्यासाला नेलेलं. परत करायचं राहिलं. आई त्याच्यात कांदे ठेवते.”

मामाला तो तिथेच आवडला. सुशांत कल्याणच्या पलीकडच्या गावचा, आगरी घरातला. त्याच्या काकांकडे शर्यतीचा बैल आहे, त्याचं नाव मेजर. “उद्या मेजरचा वाढदिवस आहे, या दोघं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर पण येणारेत, प्रमुख पाहुणे. इथल्या मॅडम कुत्र्यामांजरांच्या, त्यांना इकडचंच माहीत. त्या सरकारी डॉक्टरांना विचारा, संस्था चालेल का नाय ते.”

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

त्याने पॉमेरेनियनच्या कानामागून विंचरलं. “गावात मला डॉक्टर बोलतात,” तो म्हणाला.

रात्री बाबांनी विचारलं, “झालं का डॉक्टरचं?” मी म्हटलं, उद्या एकाला विचारायचं आहे. बाबा म्हणाले, “विचार. पण सोमवार चुकवू नको.”

रविवार, मेजरचं गाव

ज्यांनी बैलाचा वाढदिवस पाहिला नाही त्यांनी कल्याणच्या आसपास एखादा रविवार काढावा. गावाच्या वेशीवर बॅनर होता. मधे मेजर, गॉगल लावलेला. त्याच्या भोवती गोल चौकटींत शुभेच्छुक, तेही गॉगल लावलेले, त्यामुळे कोणाचा वाढदिवस आहे हे लांबून कळत नाही. मांडव, डीजे, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. आमच्याकडे माणसांचे वाढदिवस बटाट्याच्या भाजीवर उरकतात.

मेजर मात्र देखणा. पांढराशुभ्र, शिंगांना रंग, पाठीवर झूल, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं दर रविवारी होतं. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण मान काढूनही घेतली नाही. मला जनावरांचं हेच आवडतं, ते उगाच ‘या, बसा’ म्हणत नाहीत.

सुशांतचे काका, दामूकाका, सोन्याची साखळी आणि पांढरा शर्ट. जमिनी विकल्या तरी गोठा ठेवलेला माणूस. “डॉक्टरचे पावने ना तुमी?” ते म्हणाले. डॉक्टर म्हणजे सुशांत. “जेवल्याशिवाय कोन जायाचा नाय.”

तांदळाची भाकरी, मटण, वालाचं बिरडं. भाकरी इतकी मऊ की मी चार खाल्ल्या आणि पाचवीला नाही म्हटल्याबद्दल दोन काकूंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मामाने जेवणाआधी विहिरीवर जाऊन कॅन भरून आणला.

मग केक. मेजरच्या तोंडाच्या आकाराचा, मैद्याचा, वर क्रीम. दामूकाकांनी कापला आणि पहिला घास मेजरला. इथे पद्धत अशी की आलेल्या प्रत्येकाने उत्सवमूर्तीला आपल्या हाताने भरवायचं, नाहीतर आल्यासारखं नाही. रांग लागली. केक संपला तेव्हा बुंदीचे लाडू काढले. मामाने दोनदा रांग लावली. मीही एक लाडू भरवला. बारावीला जीवशास्त्रात बरे गुण होते माझे, तरीही भरवला, कारण पुढचा भरवत होता आणि मागचा ढकलत होता.

डीजेची दोन-चार गाणी झाली असतील. मेजर पाय आपटायला लागला. रवंथ करत नव्हता. डावी कूस वर आली, मग कण्यापर्यंत आली. दामूकाकांनी त्यावर टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज आला.

“डीजे बंद कर रं,” ते ओरडले. “पोट बघ कसा टरारलाय. डॉक्टरला बोलवा.”

सरकारी डॉक्टर अजून आले नव्हते. सगळा मांडव सुशांतकडे वळला.

सुशांतकडे एक बॅग होती, काळी, डॉक्टरांची असते तशी. त्याने ती उघडली. आत नखं कापायचं यंत्र, शाम्पू आणि एक इंजेक्शन होतं. कसलं ते मला कळलं नाही. त्याचा हात इंजेक्शनवर होता आणि मी अगदी शेजारी होते.

“काय करायचं असतं?” मी हळूच विचारलं.

“मला कुठं माहीत,” तो तितकंच हळू म्हणाला. “तीनच पोटं शिकलो मी. हे फुगलंय ते अभ्यासाला घरी नेलं आणि त्यात कांदे भरले.”

मला हसू आलं. पण उद्या नाव घातलं की याच्या जागी मीच असणार होते. अशीच बॅग, असाच मांडव, आणि सगळे डॉक्टर म्हणतायत.

दामूकाका त्याच्या अंगावर आले. “टोच ना. कसली वाट बगतोस?”

सुशांतने बॅग बंद केली. “काका, मी डॉक्टर नाय.”

“आता नाटका करतोस?”

“नाटक नाय. कुत्री धुतो मी ठाण्याला. तुमी बोलायला लागलाव, मी ऐकून घेतला. साहेबांना फोन लावा.”

दामूकाकांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडून डॉक्टर म्हणाले, “काय खाल्लं?” त्यांना सगळं सांगितल्यावर आधी गाडीचा वेग वाढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “कोणी काही टोचू नका. काही पाजू नका. पुढचे पाय उंचावर येतील असा उभा करा, मी पोचतोच. खायचा सोडा आणून ठेवा आणि स्वच्छ पाणी.”

मेजरला मांडवाच्या स्टेजच्या उतरणीवर चढवला. सुशांतने दावं धरलं, मी शिंगाजवळ. दामूकाका बैलाच्या कानाशी काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलं नाही.

डॉक्टर गाडीतून उतरले ते बाह्या वर करतच. तोंडात लाकडाचा आडवा तुकडा अडकवला, नळी आत सरकवली, मधेच थांबून तिच्या टोकाला कान लावला, पुन्हा सरकवली. मग जो आवाज आणि जो वास आला, त्याने पहिल्या दोन रांगांमधले पाहुणे उठले. कूस खाली बसायला लागली. “पाणी,” डॉक्टर म्हणाले. सोडा आणला होता, पाणी आणायचं राहिलं होतं, आणि विहीर लांब होती. मामाने आपला कॅन पुढे केला, थोडा जड मनाने. त्यात सोडा कालवला, नळीला नरसाळं लावलं, आणि मी कॅन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून ओतत राहिले. “असंच, हळू,” डॉक्टर म्हणाले. मला ते ‘या डॉक्टर’पेक्षा बरं वाटलं.

मेजरने ढेकर दिला आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, “टाळ्या नका वाजवू. आज रात्री मी इथेच आहे, अजून काही खरं नाही. बैल गवत खातो, दामूशेट. पुढच्या वर्षी केक तुम्ही खा.”

ते साबणाने हात धूत होते तेव्हा मी माझा प्रश्न विचारला. पत्रक, संस्था, गुमास्ता, सगळं सांगितलं. त्यांनी मधे थांबवलं नाही.

“माझ्या नावापुढे परिषदेचा नंबर आहे,” ते म्हणाले. “आज मी नळी फुफ्फुसात घातली असती तर दामूशेट तक्रार करू शकतात. तो नंबर जाऊ शकतो. त्या पोराने ते इंजेक्शन मारलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?”

“काहीच नाही.”

“बैल गेला असता. मान्यता बघायची तर एवढंच बघ, ती काढून घेणारं कोणी वर आहे का.” मग हात पुसत म्हणाले, “नीटला किती होते?”

मी सांगितले. मोठ्याने पहिल्यांदाच.

“कमी आहेत,” ते म्हणाले.

“हो.”

“परत दे. नाहीतर पदविकेचं बघ. कॅन मात्र चांगला धरतेस.”

निघताना सुशांत एक पिशवी घेऊन आला. आत धुऊन पुसलेलं, तांबूस रंगाचं, टोपलीएवढं प्लास्टिकचं पोट. कांद्याचा वास येतच होता. “तुम्ही डोंबिवलीवरून जाल ना,” तो म्हणाला. “देऊन टाका. मला तिकडे जायला कसंतरीच वाटतं.” मागून दामूकाकांनी हाक मारली, “सुश्या, दावा धर जरा.” डॉक्टर नाही, सुश्या. तो लगेच गेला.

गिरणीत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या गुमास्त्याच्या फ्रेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग मी गिऱ्हाइकांना काय सांगू?” मी म्हटलं, सांगा की वेळ लागणार आहे. बाबा म्हणाले, “दळणाला पण लागतो,” आणि गिरणीचा पट्टा चढवला.

सोमवार, पुन्हा डोंबिवली

कल्याणच्या क्लार्कची दुपार गाठायची होती, म्हणून सकाळीच गेलो. मॅडम म्हणाल्या, “या डॉक्टर. ओरिजिनल आणलेत?”

“नाही,” मी म्हटलं. “पोट आणलंय.”

त्यांनी पिशवीत बघितलं आणि खरंच खूष झाल्या. आम्ही दोघींनी मिळून छत्रीची खोळ काढली आणि ते जागेवर बसवलं. खटकन बसलं. गाय पुन्हा पूर्ण झाली. “चहा घ्या ना,” त्या म्हणाल्या. त्यांचा राग यावा म्हणून मी प्रयत्न केला, पण तो जिन्यात येईपर्यंत आलाच नाही.

जिन्यात तो आला, कारण खालून एक मुलगी आणि तिचे वडील वर येत होते. वडिलांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, घामाने चिकटलेलं. त्यांनी मला बाजूला होऊन वाट दिली आणि विचारलं, “मॅडम, जनावरांचं कॉलेज इथेच का? तुम्ही इथल्याच ना?”

मला असं वाटेत कोणाला अडवता येत नाही. मी ‘हो, वरती’ म्हणून बाजूला झाले. ते दोन पायऱ्या चढलेही. मामाने माझ्या पाठीत कॅन टेकवला.

“एक मिनिट थांबता का,” मी म्हटलं. “मी इथली नाही. मला पण हेच विचारायचं होतं.”

मग शेवेच्या वासात, पायरीवर बसून, मी त्या मुलीला सांगितलं. बहुतेक असंच, डोंबिवलीपासून. परिषदेची यादी तिच्या फोनवर उघडून दिली. मेजरजवळ पोचले तेव्हा तिला हसू आवरेना. तिच्या वडिलांना आवरलं. ते सगळा वेळ फोल्डर छातीशी धरून उभे होते. मामाने त्यांना कॅनच्या टोपणातून पाणी दिलं. पाणी पिण्यासाठी हात मोकळा हवा होता, म्हणून त्यांनी फोल्डर मुलीकडे दिलं, आणि तिने ते आपल्या सॅकमध्ये टाकून चेन लावली.